चांदणी चिकटून हवी

सोसायटीच्या सूचना मी लिहिते.
पगार नाही, मान नाही,
टाइपिंग येतं म्हणून गळ्यात पडलेलं काम.
मंगळवारी टाकी धुणार,
बी विंगचं पाणी दहा ते चार बंद.
‘बंद’च्या अलीकडे एक चांदणी, पलीकडे एक,
की शब्द काळा होतो
आणि चांदण्या जातात कुठेतरी.

पप्पांना हे पटायचं नाही.
खेतवाडीतल्या छापखान्यात एकतीस वर्षं
त्यांनी शिसं जुळवलं होतं.
काळा टाइप तिथे वेगळ्या केसमध्ये असायचा,
उठून आणायला लागायचा,
मुठीत वजन कळायचं.
“बारा पॉइंट पांढरा वेगळा, बारा पॉइंट काळा वेगळा.
आणि तुझा शब्द
बसल्या जागी काळा होतो?
शिसं येतं कुठून?”

येत नाही, मी म्हटलं. नुसती खूण करायची.
तुमचे मुद्रितशोधक नाही का
शब्दाखाली नागमोडी रेघ मारायचे, तसं.

ते जरा गप्प झाले.
“रेघ सबनीस मारायचे.
शब्द काळा मी करायचो.”

तरी शिकले. कांजूरमार्गच्या चौथ्या मजल्यावर,
गॅलरीत खुर्ची टाकून, एका बोटाने.
* दूध * संपलंय
* डॉक्टर * सहाला, विसरू नको
चांदण्या तशाच उघड्यावर,
शब्द तसाच पांढरा.
गॅप ठेवू नका, पप्पा,
चांदणी अक्षराला चिकटून हवी.
“जागा कुठे सोडायची
एवढं तरी मला शिकवू नकोस.”

खरंच होतं ते.
त्यांची जागासुद्धा शिशाची असायची,
अक्षरापेक्षा बुटका कोरा तुकडा,
शाईचा रूळ वरून जायचा
आणि त्याला लागायचा नाही.
रिकामं असं काही नव्हतंच त्या पानावर.
सगळं कुणीतरी हाताने बसवलेलं.

एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली:
ओळीच्या शेवटी दोन कोऱ्या जागा दिल्या
की ओळ तिथे मोडते.
कुणाला न दिसता.
“हे ज्याने ठरवलं,” म्हणाले,
“तो छापखान्यात वाढलेला असणार.”
मग दिवसभर मला तुटक तुटक निरोप,
भाजी
आणि
कोथिंबीर
विसरलीस
कवी झालात, मी म्हटलं.
“कंपोझिटर,” ते म्हणाले.

मार्चअखेर सभासदांची यादी नवी करायची असते.
कुरियनबाईंचा नियम आहे,
नाव काढायचं नाही, खोडायचं,
ऑडिटला दिसलं पाहिजे.
अलीकडे दोन लाटा, पलीकडे दोन,
मधून आपोआप रेघ जाते.
शिरोरेषा डोक्यावर असतेच प्रत्येक नावाच्या,
ही दुसरी पोटातून.
ए १०४ खोडलं, ते बदलापूरला गेले.
बी २०३ खोडलं, फ्लॅट विकला.
बी ४०२.
खालच्या ओळीत वारस म्हणून माझं नाव
आधीच चढलेलं.

लाटा घातल्या.
मग नावाच्या अलीकडे एक जागा सोडली,
पलीकडे एक.

~~ भार्गव लक्ष्मण मिठबावकर ~~

रेघ उमटली नाही.

संध्याकाळी कुरियनबाईंचा निरोप आला:
बी ४०२ ला काहीतरी चुकलंय गं,
गॅप राहिलाय बहुतेक, बघ.

हो, लिहिलं मी, बघते.
आणि पंपाच्या सूचनेकडे वळले.